मोठा सेन्सर, उघडा स्टॉप आणि नटांना मार्क नाहीत… फोकस मॉनिटर बघून करू का टेप मारून?

क्लॅपवाला_बंडू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं सेकंड कॅमेरा असिस्टंट म्हणून काम केलंय, क्लॅप, लेन्स बदलणं, कार्ड, बॅटऱ्या, कॅमेरा रिपोर्ट, नटाने कुठे थांबायचं त्याचे जमिनीवर टी-मार्क चिकटवणं, सगळं. आता पहिल्यांदाच एका फीचरला फर्स्ट म्हणून घेतलंय, म्हणजे फोकस माझ्याकडे. कॅमेरा फुल फ्रेम, लेन्स सगळ्या टी १.५ च्या प्राइम (झूम नसलेल्या; टी हा स्टॉप, आकडा लहान तितकं लेन्सचं भोक उघडं), आणि डीओपींना (सिनेमॅटोग्राफर) निम्म्याहून जास्त सीन पूर्ण उघड्या स्टॉपवर हवेत. वर डिरेक्टरांचं म्हणणं की नटांना मार्क द्यायचेच नाहीत, मोकळं फिरू दे त्यांना. हँडहेल्ड आणि गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) जास्त, डॉली (चाकांची गाडी) अगदी थोडी.

आता झालंय असं की ज्या जुन्या फर्स्टच्या हाताखाली काम केलं ते कॅमेऱ्याला चिकटून उभे राहायचे, टेप मारायचे, मॉनिटरकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. नंतरचे जे भेटले ते सगळे सात इंची मॉनिटर आणि वायरलेस हँड युनिट (लांबून फोकस फिरवायचा नॉब) घेऊन लांब कोपऱ्यात बसणारे. दोघांचेही शॉट शार्प यायचे! मग मी नक्की कशाची प्रॅक्टिस करू?

अजून एक. टेस्टच्या दिवशी १८ ची लेन्स लावली, टेपने मोजून चार्ट बरोबर ३ मीटरवर ठेवला, पण लेन्सवरचं अंतराचं स्केल साडेतीनच्या पुढे नेल्याशिवाय चार्ट टकटकीत दिसेना. लांबच्या बिल्डिंगी तर इन्फिनिटीला टेकवूनही मऊच. ८५ आणि १०० मात्र स्केलप्रमाणे बरोबर येतायत. लेन्स खराब समजायची का?


शिमवाले_काका

आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण ते निस्तरल्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही. स्केलच खोटं बोलत असेल तर टेप मारून काय उपयोग.

लेन्सला लगेच शिव्या देऊ नकोस. तू सांगतोयस ते लक्षण बॅक फोकसचं आहे, म्हणजे लेन्स सेन्सरपासून हवी त्यापेक्षा जराशी लांब बसतेय. पीएल माउंटला (बॉडीवर लेन्स बसते ती जागा) माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ५२ मिमी असायला लागतं आणि इथे हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. समज फक्त ०.०२ मिमी जास्त आहे. १८ च्या लेन्सवर तेवढ्याने इन्फिनिटीचा मार्क प्रत्यक्षात साधारण १६ मीटरवर येतो, म्हणून तुझ्या बिल्डिंगी मऊ. ३ मीटरचा मार्क अडीचच्या आसपास शार्प देतो, म्हणून तुला स्केल पुढे ढकलावं लागलं. आता तीच चूक १०० च्या लेन्सवर टाक, इन्फिनिटी पडते ५०० मीटरवर आणि ३ मीटरला फरक जेमतेम दोन सेंटीमीटरचा. तुझ्या लक्षातही येणार नाही. म्हणजे बॅक फोकस गेलाय का हे बघायला नेहमी किटमधली सगळ्यात वाइड लेन्स घ्यायची, लांब लेन्सवर चार्ट शार्प आला म्हणून खूश व्हायचं नाही.

आता दोष कोणाचा ते शोध. त्याच बॉडीवर २१, २५ जे काही वाइड असेल ते लाव. सगळ्या तशाच चुकत असतील तर बॉडीचा माउंट. एकटी १८ चुकत असेल तर लेन्स. दुसरी बॉडी मिळाली तर हीच १८ तिच्यावर लावून बघ म्हणजे शंकाच राहणार नाही. आणि हे सगळं करायच्या आधी माउंट पूस बाबा, पुष्कळदा चिकटपट्टीचा एवढासा तुकडा किंवा धूळ अडकलेली असते. बॉडी आखूड माउंटची असून वर पीएल अ‍ॅडॉप्टर असेल तर त्याचे स्क्रू बघ, नव्वद टक्के भानगडी तिथेच असतात असं माझं मत.

शिम (माउंटचं अंतर जुळवायची पातळ चकती) स्वतः काढा-घालायच्या फंदात पडू नकोस. ज्यांच्याकडून कॅमेरा आलाय त्यांच्याकडे कॉलिमेटर (बॅक फोकस तपासायचं यंत्र) असतो, त्यांना करू दे. आणि केल्यानंतर परत तू स्वतः चार्टवर बघ, त्यांनी ओके म्हटलं म्हणून गाडीत भरू नकोस.


आडवं_बघणारी

पहिल्या प्रश्नावर. माझं मत जुन्या लोकांच्या बाजूचं आहे, पण ते टेपमुळे नाही, ते उभे कुठे राहायचे त्यामुळे.

बघ, ८५ ची लेन्स, टी १.५, नट २ मीटरवर. शार्प पट्टा मिळतो चार-पाच सेंटीमीटरचा. नटाने मान वळवली की जवळचा डोळा शार्प आणि कान गेला. हे असं असताना मॉनिटर तुला काय सांगणार? मॉनिटर सांगतो की फोकस गेला. गेल्यावर. आणि मॉनिटर सपाट असतो, नट पुढे आला म्हणून गेला का मागे झाला म्हणून गेला ते त्यात दिसत नाही, मग तू नॉब एका बाजूला फिरवतोस, चुकीची निघाली की उलटी फिरवतोस, आणि पडद्यावर ते फोकस शोधणं सगळ्या हॉलला दिसतं. शॉट थोडा मऊ असला तर चालून जातं एक वेळ, पण हंट झालेला शॉट एडिटरला वापरताच येत नाही.

म्हणून कॅमेरा आणि नट यांच्या रेषेला काटकोनात उभा राहा, आडवं बघ. बाजूने बघितलं की पुढे-मागे होणं सरळ दिसतं. पाऊल उचलायच्या आधी माणूस वजन दुसऱ्या पायावर घेतो, खुर्चीतून उठायच्या आधी खांदे पुढे येतात, ते दिसलं की तुझा हात नटाच्या बरोबरीने निघतो, मागून नाही. बॅट्समन टप्पा पडल्यावर बॉल शोधत नाही, बोलरच्या हातातून सुटतानाच बघतो, तसंच आहे हे.

आडवं बघण्याचं सगळ्यात भारी उदाहरण माहितीये का, कुब्रिकचा बॅरी लिंडन सिनेमा, १९७५ चा. मेणबत्तीच्या उजेडातले सीन झाइसच्या ५० मिमी एफ ०.७ लेन्सवर घेतले, पट्टा म्हणजे नावालाच. फोकसवर डग मिलसम होता. त्यांनी काय केलं तर मुख्य कॅमेऱ्याला ९० अंशात एक व्हिडिओ कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र लेन्सच्या स्केलच्या वर बसवलेल्या टीव्हीवर घेतलं, स्क्रीनवर अंतराच्या रेघा मारून. नट किती पुढे झुकला ते थेट रेघेवर वाचायचं. म्हणजे मॉनिटर होता बरं का, पण बाजूचा!

मार्क नाहीत म्हणून घाबरू नकोस. नटाला मार्क नाहीत, खोलीला तर आहेत? नट यायच्या आधी सेटवर जा, कॅमेरा जिथे लागणार तिथून टेबलाची कड, दाराची चौकट, खुर्चीची पाठ, जमिनीवरच्या फरशीचे सांधे, सगळं मोजून ठेव. टेपचा हुक सेन्सरच्या खुणेला, तो गोल आणि त्यातून गेलेली रेघ असते ना बॉडीवर तिथे, लेन्सच्या तोंडापासून मोजणारे पण बघितलेत मी. लेझर वापरायचा तर नट नसताना भिंतीवर-फर्निचरवर, कोणाच्या डोळ्याजवळ नाही. मग रिहर्सलला नट टेबलाला टेकला की तुला आकडा आधीच माहीत असतो. रिहर्सल चालू असताना फोनवर असलास तर मात्र देव तुझं भलं करो.


गिंबल_फोकस

ताईंचं सगळं पटतं पण हे डॉली आणि ट्रायपॉडच्या काळातलं आहे, राग मानू नका. बंडू म्हणतोय गिंबल आणि हँडहेल्ड जास्त. ऑपरेटर नटाभोवती गोल फिरतोय, दोघेही हलतायत, काटकोन दर सेकंदाला बदलतो, तू फ्रेममध्ये येणार नाहीस अशी जागाच शिल्लक नसते. तिथे मॉनिटरशिवाय पर्याय नाही. पण मॉनिटरवर काम करायचं तर नीट करा.

पहिली गोष्ट, उशीर. व्हिडिओ ट्रान्समीटर कुठला आहे ते विचार. चांगले असतात त्यात उशीर जवळजवळ नसतो, टेराडेक बोल्टसारख्यात १ मिलिसेकंदापेक्षा कमी. स्वस्तातले चित्र कॉम्प्रेस करून पाठवतात आणि दोन-तीन फ्रेम मागे असतात. आता हिशोब कर, २५ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि साधं चालणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास ५ सेंटीमीटर. तुझा पट्टाच ४-५ चा आहे! एका फ्रेमचा उशीर झाला की गडी पट्ट्याच्या बाहेर. डिरेक्टरला दाखवायला तो स्वस्त ट्रान्समीटर ठीक आहे, फोकसला नाही.

दुसरं, पीकिंगवर जगू नकोस. कडा हिरव्या-लाल चमकल्या की वाटतं झालं, पण कॉन्ट्रास्ट जास्त असेल तर शर्टाची कॉलर चमकते आणि डोळे सॉफ्ट. मी पीकिंग अगदी कमी ठेवतो, मॉनिटरचा शार्पनेस वाढवलेला असेल तर शून्यावर आणतो, उन्हात हुड लावतो. पिक्सेलला पिक्सेल मोठं करून बघणं टेकच्या आधी, टेक चालू असताना नाही, तेव्हा फ्रेम दिसली पाहिजे.

तिसरं, अंतर सांगणारी यंत्रं मिळाली तर घे. सिने टेप आवाजाच्या लहरींवर चालतो, त्याची गंमत अशी की काचेपलीकडचा नट त्याला दिसतच नाही, काचेचंच अंतर देतो, आणि ओव्हर द शोल्डर शॉटमध्ये समोरच्याच्या खांद्याचं. लाइट रेंजर इन्फ्रारेडवर आहे, तो मॉनिटरच्या चित्रावरच दाखवतो की फ्रेमच्या कुठल्या भागातलं अंतर फोकसच्या पुढे आहे आणि कुठलं मागे. ताई म्हणाल्या ना की मॉनिटर सपाट असतो, दिशा कळत नाही, तर ती अडचण इथे सुटते.


आडवं_बघणारी

राग कशाला. गिंबलला मीपण मॉनिटरच घेते. पण आधी डोळ्याने अंतर ओळखता येणाऱ्याने घेतलेला मॉनिटर आणि न येणाऱ्याने घेतलेला मॉनिटर यात फरक आहे, कारण यंत्र सिग्नल सोडतं तेव्हा पहिल्याकडे काहीतरी उरतं. सिग्नल सुटणारच, आणि सगळ्यात अवघड टेकलाच सुटणार. त्यामुळे बंडू, आत्तापासून रस्त्याने चालताना, घरात बसल्या बसल्या, समोरच्या वस्तूचं अंतर मनात म्हण आणि मग टेप मारून बघ. स्वतःचे दोन्ही हात पसरून किती होतात ते मोजून ठेव, बहुतेकांचं ते उंचीइतकंच भरतं. मीटर का फूट ते मात्र एकदा ठरव, लेन्स ज्या एककात कोरलेल्या आहेत तेच.


निवांत_डीओपी

दुसऱ्या बाजूने थोडं. फोकस पुलर मंडळी आपसात भांडतात आणि डीओपीला कोणी काही विचारत नाही.

बंडू, तुझ्या डीओपींशी स्टॉपबद्दल बोल. भीत भीत नाही, सरळ. फुल फ्रेमवर तीच फ्रेम त्याच अंतरावरून घ्यायला सुपर ३५ (त्याहून लहान सेन्सर) पेक्षा लांब लेन्स लागते, ३५ च्या जागी ५० म्हण, त्यामुळे त्याच स्टॉपला पट्टा कमी होतो. ढोबळमानाने फुल फ्रेमचा टी २.८ हा सुपर ३५ च्या टी २ सारखा दिसतो. कितीतरी जणांच्या डोक्यात जुन्या सुपर ३५ वरचा टी २ चा लुक बसलेला असतो आणि ते सवयीने मोठ्या सेन्सरवर टी १.५ सांगतात, मग येतं ते त्यांना हवं होतं त्याच्याही पलीकडचं. टेस्टला एकच क्लोजअप टी १.५, २ आणि २.८ वर घे आणि मोठ्या पडद्यावर दाखव. माझ्याकडे एका फोकस पुलरने असं केलं होतं, मी त्याच दिवशी क्लोजअप २.८ वर आणले. बॅकग्राउंड लांब असेल तर २.८ लाही छान विरघळतं.

अर्थात स्टॉप बंद करायचा म्हणजे उजेड आणायचा. टी १.४ वरून २ वर जायला दुप्पट, २.८ ला चौपट. रात्रीच्या सीनला तो कुठून आणणार, तिथे डीओपी ऐकणार नाही आणि त्याचं बरोबर असेल. काही कॅमेऱ्यांना दोन बेस आयएसओ (उजेडाच्या संवेदनशीलतेच्या मूळ पातळ्या) असतात, सोनी व्हेनिसला ५०० आणि २५००, तसं काही असेल तर निदान विचारून बघ.

आणि एक सवय लाव. टेक संपला की सॉफ्ट कुठे होतं ते लगेच सांग, "दारातून आत आल्यावर अर्धा सेकंद गेला, बसल्यावर परत मिळाला", असं नेमकं. टेक चालू असताना ओरडू नकोस आणि नंतर गप्पही बसू नकोस. कट होऊन सेट मोडल्यावर कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं कधीही बरं. ऑपरेटरशी मैत्री कर, व्ह्यूफाइंडरमधून त्याला तुझ्या आधी कळतं, आणि चांगला ऑपरेटर नट अचानक पुढे आला तर स्वतः अर्धं पाऊल मागे सरकून तुला वाचवतो.


क्लॅपवाला_बंडू

खूप खूप आभार सगळ्यांचे. काका, तुम्ही म्हणालात तसं केलं, त्या बॉडीवर २१ आणि २५ पण तशाच चुकत होत्या, दुसऱ्या बॉडीवर तीच १८ एकदम बरोबर. कॉलिमेटरवर शिम बदलून दिली, परत चार्टवर बघितलं, आता ३ ला ३ येतंय. बी कॅमेराही मोजून घेतला त्याच दिवशी.

हँड युनिटचं विचारायचं होतं. लेन्सवर एक स्केल आणि नॉबच्या रिंगवर वेगळं, मी प्रत्येक लेन्सला पांढऱ्या रिंगवर पेनने मार्क मारतोय, लेन्स बदलली की रिंग बदलायची. सेटवर एवढा वेळ कोण देणार?


गिंबल_फोकस

कोणी नाही देणार. लेन्स मॅप कर. प्रत्येक लेन्सचे आकडे एकदा युनिटमध्ये भरले की सगळ्या लेन्सना एकच छापील रिंग चालते, १८ असो का १०० असो, २ मीटर त्याच जागी. टेस्टच्या दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे पण सोडू नकोस. क्लोज एंडला मार्क जास्त भर, तिथेच सगळी मारामारी असते, ५ मीटरच्या पुढे चार-दोन पुरतात. बी कॅमेऱ्याच्या लेन्सही त्याच यादीत घाल म्हणजे अदलाबदल झाली तरी बिघडत नाही.

मोटर लावताना गिअर नीट दाबलाय ना बघ, सिने लेन्सना ०.८ मॉड्यूलचे दात असतात, ढिला राहिला की एखादा दात घसरतो आणि तुझे सगळे मार्क गुपचूप सरकतात. आकडे बरोबर दिसतात आणि चित्र सॉफ्ट, अशा वेळी डोकं फिरतं. माझी सवय म्हणजे लेन्स बदलली की एका माहीत असलेल्या अंतरावर झटकन तपासायचं, मगच रेडी म्हणायचं.

डीओपींनी मध्येच एखादी जुनी स्टिल फोटोग्राफीची लेन्स आणली तर सावध राहा. सिने लेन्सचा फोकस साधारण २७० ते ३०० अंश फिरतो, या लेन्सचा खूपच कमी, त्यामुळे नॉबवर केसभर हात हलला की समोर बरंच अंतर जातं. काहींना टोकाला थांबाच नसतो, मग मोटर कॅलिब्रेट करताना टोक हाताने ठरवून द्यावं लागतं.


क्लॅपवाला_बंडू

अजून दोनच. एका सीनला डायॉप्टर (जवळच्या फोकससाठी लेन्सच्या पुढे लावायची काच) आहे, डोळ्याचा अगदी जवळून शॉट. आणि डीओपी म्हणतायत काही सीनला लेन्सच्या मागे स्टॉकिंगची जाळी लावायची. त्याने बॅक फोकस परत जाईल का? आत्ताच कुठे नीट झालाय.


शिमवाले_काका

डायॉप्टर लागला की लेन्सवरचं स्केल विसर. +१ लावल्यावर इन्फिनिटीचा मार्क म्हणजे डायॉप्टरपासून १ मीटर, +२ ला अर्धा मीटर, त्याच्या पलीकडचं काहीच शार्प होणार नाही, लेन्स कुठलीही असो. म्हणून सीनच्या आधी डायॉप्टर लावूनच दोन-तीन अंतरं डोळ्याने काढून ठेव आणि नटाला तेवढ्यापुरतं तरी टेकून बसायला सांग, डिरेक्टर कितीही मोकळं सोडा म्हणोत. हा शॉट मॉनिटरवरच होतो, इथे ताईसुद्धा वाद घालणार नाहीत.

जाळीचं म्हणशील तर तिने फोकस सरकत नाही, पातळ असते आणि भोकं असतात. सरकतो काचेने. लेन्सच्या मागे काचेचा फिल्टर आला की त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस मागे जातो, १ मिमी काचेला ०.३३ मिमी, आणि तू ०.०२ साठी बॉडी परत पाठवली होतीस. तेव्हा मागे काच कोणी सुचवली तर आधी मला किंवा कॉलिमेटरवाल्याला फोन. जाळी लावताना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मागच्या काचेभोवतीच्या रिंगवर लाव, माउंटच्या पृष्ठभागावर अजिबात नाही, तिथे टेपचा पदर आला की तुझी १८ परत साडेतीन दाखवायला लागेल. ताण सगळीकडे सारखा, चुणी नको, आणि मागची काच बाहेर आलेली लेन्स असेल तर जाळी काचेला घासत नाही ना ते बघ. कुठल्या लेन्सला जाळी आहे ते डब्यावर लिहून ठेव, नाहीतर सेकंड घाईत तीच उचलून दुसऱ्या सीनला लावेल.


आडवं_बघणारी

टी १.५ ला जाळीचा पोत वेगळा दिसतो आणि ४ ला वेगळा, तेही टेस्टला बघून घ्या. आणि हो, डायॉप्टरच्या शॉटला मीपण मॉनिटरच घेते काका, वाद नाही 😄